आधी मासा, मग मसाला

ताज्या माशाला फारसं काही लागत नाही, असं किनाऱ्यावर कुणीही सांगेल. हळद, मीठ, तिखट, चार आमसुलं, झालं. मग त्यावर पुस्तक कशाला लिहायचं, हा प्रश्न हे पान उघडणाऱ्याला पडणार आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं, की ते ‘फारसं काही नाही’ माशागणिक बदलतं. बांगड्याला जे खुलवतं ते पापलेटला मारून टाकतं. बोंबलाला जे पीठ लागतंच, त्याचं सुरमईच्या तुकडीवर नुसतं ओझं होतं. वीस-पंचवीस मसाल्यांच्या रश्शात एखादा जिन्नस कमी-जास्त झाला तर कुणाला कळत नाही. चारच जिन्नस असले की तो लगेच जिभेवर येतो. म्हणून साधा मासा करणं हे मसालेदार मासा करण्याहून अवघड. त्याच्या खुब्या घराघरांत हाताला माहीत असतात, पण त्यामागची कारणं कागदावर क्वचित उतरतात. आईने किंवा सासूने ‘असंच करतात’ म्हणून सांगितलेलं असतं. असंच का, हे विचारायची सोय नसते.

हे पुस्तक त्या ‘का’साठी आहे. यात पाककृती आहेत, पण बिर्याणी नाही, लग्नाच्या जेवणावळीचे पदार्थ नाहीत, हॉटेलातली तंदुरीही नाही. मासा पाण्याबाहेर आल्यापासून पहिल्या काही तासांत त्याला काय लावायचं, कशात घोळवायचा आणि किती आचेवर किती वेळ ठेवायचा, एवढाच विषय आहे. तो जेवढा वाटतो तेवढा छोटा नाही.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर अजून रापण ओढली जाते. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरते, जाळ्याची दोन्ही टोकं वाळूवर येतात आणि मग दोन्ही दोरांना माणसं लागतात. ओढायला ज्याने हात लावला त्याच्या पदरात चार मासे पडतात, ही जुनी रीत आहे. जाळं पाण्याच्या काठाशी येतं तेव्हा आतले बांगडे तडफडत असतात. त्यातला बांगडा तासाभरात घरी पोचला, चिरला गेला आणि तव्यावर पडला, की एक गंमत होते. तो आकसतो, पाठ वर काढतो आणि त्याची फक्त दोन टोकं तव्याला टेकतात. नवखा माणूस गोंधळतो. मासा बिघडलेला की काय, असं त्याला वाटतं. प्रकार उलटा आहे. मासा मेल्यावर काही वेळाने त्याचे स्नायू ताठरतात आणि पुढे पुन्हा सैल पडतात. ताठरण्याआधी किंवा ताठर असताना तो विस्तवावर गेला तर आकसणारच. अख्ख्या माशाला तिरक्या चिरा द्यायच्या त्या याच्यासाठी. चिरांनी कातडीचा ताण सुटतो, मीठ काट्यापर्यंत पोचतं आणि जाड पाठ व पातळ पोट यांच्या शिजण्यातलं अंतर कमी होतं. दिसायला बरं दिसतं म्हणून चिरा देतात असं समजून वरवर ओरखडे काढणारे लोक मी पाहिले आहेत. चीर मधल्या काट्याला लागेपर्यंत जायला हवी, तरच तिचा उपयोग.

पण बहुतेक वाचकांच्या नशिबी रापण नाही, बाजार आहे. तिथे ताजेपणा डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखावा लागतो. डोळे फुगीर आणि पाणीदार हवेत, आत गेलेले नकोत. कल्ले लालबुंद हवेत. अंग दाबलं की बोटाचा खड्डा राहता कामा नये. बांगड्याचं पोट आधी सुटतं, म्हणून तिथे दाबून पाहायचं. पापलेटचा कल्ला दाबून पांढरं पाणी आलं तर ताजं, लालसर आलं तर शिळं, ही कोळणींची खूण बहुतेकांना माहीत असते. पण गर्दीत दाबून बघायचा संकोच वाटतो. संकोच करू नये. ‘मावशी, जरा कल्ला दाखवा’ म्हटलं की चांगली कोळीण स्वतःच कल्ला उघडून नाकाशी धरते. जी मासा उचलू देत नाही तिच्या पाटीकडे पाठ फिरवावी.

बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्याबाबत एक गोष्ट निक्षून सांगायला हवी, कारण ती चवीपलीकडची आहे. या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना उन्हात पडून राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात, आणि एकदा तयार झालेलं हिस्टामिन तळून, उकळून, कशानेही जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं दुखतं. पुष्कळजण मग ‘मला बांगड्याची ॲलर्जी आहे’ म्हणून आयुष्यभर बांगडा सोडतात. दोष बऱ्याचदा बांगड्याचा नसून त्या दुपारच्या उन्हाचा असतो. बाजारातून घरी यायला तास लागणार असेल तर पिशवीत बर्फ हवाच. मसाला हा बर्फाला पर्याय नाही.

आता वास. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं; खारट पाण्यात तग धरायला ते त्याला लागतं. त्याला स्वतःला वास नाही. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर ट्रायमिथाइलअमाइनमध्ये करतात आणि आपण ज्याला ‘वशाट वास’ म्हणतो तो येऊ लागतो. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. आम्ल भेटलं की त्याचा क्षार होतो, तो हवेत उडत नाही, आणि नाकाला वास लागत नाही. आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, बिंबलं यांतलं काही ना काही आपल्या प्रत्येक माशाच्या रांधपात असतं त्याचं हे कारण. रुची तर आहेच. गोव्यातल्या रेशाद मसाल्यात हेच काम माडीचं व्हिनेगर करतं. ती पोर्तुगिजांच्या सहवासातून आलेली रीत, पण मूळ युक्ती तीच.

आंबटाचा हात मात्र वेळ पाहून सोडायचा असतो. लिंबू पिळून मासा दोन तास झाकून ठेवा, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. ताज्या माशाचं त्याने नुकसान होतं. आम्लामुळे मांसातली प्रथिनं विस्तवावाचूनच घट्ट होतात. वरचा थर पांढरा पडतो, रस गळतो आणि तळल्यावर तुकडी भुगा होऊन सुटते. मीठ आधी लावावं, पंधरा-वीस मिनिटं. त्याने वरचं पाणी सुटतं आणि मांस थोडं घट्ट बसतं. सुटलेलं पाणी निथळून टाकावं. कोकमाचं आगळ किंवा लिंबू तव्यावर टाकायच्या जरा आधी. माशाला मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवणाऱ्यांशी माझा वाद नाही. फक्त तो मासा ताज्या माशाच्या पुस्तकात बसत नाही.

आंबटातही निवड आहे. पापलेट, मुडदुशे, लेपा यांचं मांस सौम्य. त्यांना लिंबाचे चार थेंब पुरतात. बांगडा आणि तारली पावसाळा सरताना अंगात तेल धरतात, तेव्हा त्यांना कोकम किंवा चिंच लागते. तेलकट चवीला धार लावायचं काम लिंबाने होत नाही, त्याचा वास विस्तवावर लवकर उडतो. कोकमाचं आंबट शिजूनही टिकून राहतं.

बांगड्या-तारलीच्या जोडीला दुसरी वस्तू तिरफळ. सह्याद्रीच्या उतारावरच्या काटेरी झाडाचं हे फळ. चीनच्या सिचुआन प्रांतातल्या प्रसिद्ध मिरीचं जवळचं नातलग. जिभेला झिणझिण्या आणणारा गुण दोघांत एकच. तिरफळाचं काम टरफलाचं आहे. आतली काळी बी कचकचते, ती काढून टाकायची. टरफल वाटणात घालून बारीक करायचं नाही, कडवटपणा उतरतो. पाण्यात जरासं ठेचून, त्या पाण्यासकट शेवटी टाकायचं. पापलेटला तिरफळ लावणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही, पण उधळ्या नक्की म्हणेन. तिरफळही वाया आणि पापलेटही.

मिरचीवाचून आपल्याला माशाची कल्पना करवत नाही, तरी मिरची या किनाऱ्यावर तशी नवीनच. ती पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. मासे त्याच्या कितीतरी आधीपासून रांधले जात होते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याचा छंद, सविस्तर आला आहे, आणि खाण्यापिण्यावर वेगळा भाग आहे. त्या काळच्या पाकघरात तिखटपणाला मिरी होती, आलं होतं. आजही मिरी, तिरफळ, हळद आणि कोकम एवढ्यावर केलेला बांगडा खाऊन पाहावा. लाल रंग नसल्याने पाहुणे आधी साशंक होतात, मग भात जास्त मागतात.

आता या पुस्तकाचा खरा गाभा, वरचं आवरण. मासा घोळवायचा कशात, यावर घराघरांत पक्ष आहेत. रव्याचे, तांदळाच्या पिठीचे, आणि ‘काहीच नको’वाले. तिघेही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या माशांबाबत.

आवरण कशासाठी, हे आधी पाहू. तव्यावरचं तेल शंभर-दीडशे अंशांच्या बरंच वर तापलेलं असतं आणि माशाचं मांस साठ अंशांच्या आसपासच शिजून होतं. बोकडाच्या मांसात जे चिवट धागे तास-दोन तास शिजवावे लागतात ते माशात अगदी थोडे, आणि जे असतात तेही लवकर विरघळतात. म्हणजे वरून खमंग, तांबूस कड हवी आणि आत मात्र त्याच्या निम्म्याहून कमी उष्णता पोचायला हवी. हा पेच आवरण सोडवतं. पिठाचा कोरडा थर तापतो, तांबूस होतो आणि मांसाला झळ लागू देत नाही. दुसरं काम त्याहून कमी लोकांच्या ध्यानात येतं. तिखट आणि लसूण गरम तेलात क्षणात करपतात. मसाला लावून, त्यावर रवा किंवा पीठ लावलं की मसाला आत झाकला जातो. करपतो तो रवा, तोही उशिरा. मसाला पिठात कालवून वर थापणाऱ्यांच्या तव्यात दुसऱ्या घाण्यापासून काळा चोथा जमतो, तो या क्रमाच्या चुकीने.

रवा बारीक घ्यावा. जाड रवा दाताखाली वाळूसारखा लागतो आणि अर्धा तव्यातच गळतो. रव्याचे कण सुटे सुटे राहतात, एकमेकांत मिसळून लगदा होत नाहीत, म्हणून आवरण कुरकुरीत होतं आणि ताटात पडल्यावरही काही वेळ तसं राहतं. सुरमई, रावस, हलवा यांच्या जाड तुकड्यांना थोडाच रवा, जेमतेम दिसेल इतका. तांदळाच्या पिठीत गव्हासारखा चिकटा नसतो. ती पातळ, चिवट नसलेला पापुद्रा देते. पापलेट आणि मुडदुशाला ती शोभते. दोन्ही मिसळायची वेळ येते ती बोंबलावर.

बोंबील हा सगळ्यात अवघड परीक्षेचा मासा, म्हणून त्यावर या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च झाली आहेत. ओल्या बोंबलाच्या अंगात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. तसाच तव्यावर टाकला तर तो स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि उचलताना हातात फक्त काटा येतो. वसई-उत्तनकडच्या घरांत तो कसा साफ करतात ते पाहण्यासारखं आहे. डोकं आणि शेपूट उडवून पोटाच्या बाजूने सुरी एकाच ओढीत शेपटीकडच्या टोकापर्यंत नेतात, बोंबील पुस्तकासारखा उघडतात आणि मधला काटा अंगठ्याच्या नखाने सोडवून अलगद उपटतात. मग मीठ लावून, उघडलेले बोंबील फडक्यावर ओळीने मांडतात, वर दुसरं फडकं आणि त्यावर पाटा. पाटा नसेल तर पाण्याने भरलेलं पातेलं. तासाभरात खालचं फडकं चिंब होतं. एवढं झाल्यावर राहतो तो पातळ, घट्ट पापुद्रा. त्याला आलं-लसणाचं वाटण, हळद, तिखट आणि चिंचेचा दाट कोळ हलक्या हाताने चोळायचा, तांदळाच्या पिठीत घोळवायचा आणि शेवटी बारीक रव्यावर एकदा दाबून घ्यायचा. पीठ उरलेलं पाणी धरून ठेवतं, रवा कुरकुरी देतो. घोळवून ठेवून द्यायचा नाही. मीठ आपलं काम करतच असतं. पाच-सात मिनिटांत पीठ ओलं होतं आणि तव्यावर आवरण एकीकडे, बोंबील दुसरीकडे होतो. घोळवलेला हात आणि तवा यांच्यात दुसरं काम येता कामा नये. दाराची घंटा वाजली तर वाजू द्या.

मांदेलीला आवरणाची गरजच नाही. डोकं आणि पोट काढून, मीठ-हळद-तिखट लावून, गरम तेलात मूठ मूठ सोडायची. काट्यासकट कुरकुरीत होते. ताजी तारलीही पिठाशिवाय उत्तम. तिच्या अंगातलं तेल तिला पुरतं, तव्याला नुसता हात लावावा.

बेसनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. भिजवलेल्या बेसनात बुडवलेला मासा हा मासा राहत नाही, त्याची भजी होते. जाड आवरणाच्या आत तो वाफेवर शिजतो, कातडीची चव लागत नाही आणि मासा कालचा होता की परवाचा, हे खाणाऱ्याला कळत नाही. हा शेवटचा गुण काहींना सोयीचा वाटतो. अंडं आणि ब्रेडचा चुरा यांचं स्थान कटलेटात. मुंबईच्या इराणी-पारशी सहवासातून ते आपल्याकडे आलं आणि रुळलं, त्याला माझी हरकत नाही.

तव्याचं थोडक्यात. बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा, तेल तुकडीच्या निम्म्याहून कमी उंचीचं, आच मध्यम. घाण्याचं खोबरेल चवीला छान, पण ते लवकर धुरावतं. शेंगदाणा तेलात निम्मं मिसळलं तर दोन्ही साधतं. तुकडी टाकली की तिला हात लावू नये. सुरुवातीला माशाची प्रथिनं धातूला धरतात आणि कड तयार झाली की आपोआप सुटतात. उलथनं घातल्यावर जी तुकडी हलत नाही, ती अजून तयार नाही. इंचभर जाडीच्या तुकडीला दोन्ही बाजू मिळून आठ-दहा मिनिटं पुष्कळ होतात. बाजूने पांढरे ठिपके फुटून वर येऊ लागले की आतला रस बाहेर निघाला असं समजावं आणि तवा उतरवावा. आपल्याकडे मासा कच्चा राहील याची जेवढी धास्ती आहे तेवढी तो जास्त शिजेल याची नाही. निम्मे मासे त्या धास्तीने कोरडे होतात.

तेलावाचूनही मार्ग आहेत. चुलीच्या निखाऱ्यावर अख्खा बांगडा, पोट साफ करून, खवले-कातडी तशीच ठेवून, नुसत्या खड्या मिठात. कातडी करपते आणि सोलली जाते, आतलं मांस स्वतःच्या तेलात शिजलेलं असतं. केळीच्या पानात गुंडाळून केलेला मासा पारशांच्या ‘पात्रा नी मच्छी’मुळे शहरांत प्रसिद्ध झाला, त्यात पापलेटला ओलं खोबरं, कोथिंबीर, हिरवी मिरची यांची चटणी थापून वाफवतात. तव्यावर पान ठेवून, वर झाकण घालून घरीही तो सहज होतो. हळदीचं पान मिळालं तर लहान माशांना त्यात गुंडाळून पाहावं. पानाचा वास तीव्र असतो, म्हणून मसाला निम्म्यावर आणावा.

आणि तिखलं. खरं तर झटपट माशाचा हा राजा, पण पुस्तकांत त्याला जागा कमी मिळते, कारण लिहायला काही नसतंच. मातीच्या भांड्यात बांगड्याचे तुकडे, मिरचीचं तिखट, हळद, मीठ, आमसुलं, ठेचलेलं तिरफळ, पेलाभर पाणी, असेल तर वाटलेलं थोडं खोबरं. सगळं एकदम, कच्चं. फोडणी नाही. उकळी आली की भांडं दोन्ही हातांनी धरून गोल हिसडायचं. डाव घालायचा नाही, मासा मोडतो. दहा मिनिटांनी वरून चमचाभर कच्चं खोबरेल आणि झाकण. गरम खाण्याची घाई करू नये. संध्याकाळी केलेलं सकाळी भाकरीशी जास्त चांगलं लागतं, याबद्दल मालवणी माणसांत दोन मतं नाहीत.

घाटावरच्या वाचकांना वाटेल की हे सगळं समुद्रवाल्यांचं. तसं नाही. उजनीच्या पाण्यावर भिगवणची खाणावळ चालते ती चिलापी, रोहू, कटला, मरळ यांच्यावर. गोड्या पाण्यातल्या माशाला समुद्री वशाटपणा फारसा नसतो. त्याला मातीचा वास असतो. शेवाळ आणि तळातले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पहिल्या पावसाच्या मातीला येणारा गंध याचाच, आणि ते माशाच्या चरबीत मुरतं. मातीवर तो गंध हवाहवासा, ताटात मात्र नकोसा. आम्लात जिओस्मिन मोडतं. म्हणून चिलापीला समुद्राच्या माशापेक्षा आंबट जास्त आणि थोडा अधिक वेळ लागतं, आणि पोटातला काळा पडदा खरवडून काढावाच लागतो. लसूण, कोरडं खोबरं, काळा मसाला इथे चालतात. पापलेटवर जे मी चालू देणार नाही ते चिलापीवर खुशाल. रोहू-कटल्याच्या पाठीत बारीक दुफाटे काटे असतात, त्यांच्यावर दर पाव इंचाला आडव्या चिरा दिल्या की तळताना ते कुरकुरीत होऊन टोचेनासे होतात.

हॉटेलांवर एक परिच्छेद लिहायचा मोह आवरत नाही. गेल्या काही वर्षांत ‘मालवणी’ पाट्या मुंबई-पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर लागल्या, आणि बऱ्याच ठिकाणी सर्व माशांना एकच लाल वाटण, एकच जाड रव्याचा थर मिळतो. सुरमई, बांगडा, हलवा, सगळे ताटात एकसारखे दिसतात आणि डोळे मिटून खाल्ले तर एकसारखेच लागतात. गिऱ्हाईक रंगाला भुलतं, हॉटेलवाला मागणी तसा पुरवठा करतो. दोष एकट्या कुणाचा नाही, पण त्याने एक पिढी माशाऐवजी मसाल्याची चव ओळखू लागली आहे. या पुस्तकातल्या बहुतेक कृतींना लाल रंग नाही. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वापरण्याबद्दल चार शब्द. कृती माशांच्या नावांप्रमाणे नाही, तर माशांच्या स्वभावाप्रमाणे लावल्या आहेत: तेलकट, सौम्य, पाणचट, काटेरी आणि गोड्या पाण्यातले. याचं कारण असं, की बाजारात ठरवून गेलेला मासा क्वचितच मिळतो. सुरमई घ्यायला जावं तर त्या दिवशी रावस चांगला असतो. स्वभाव कळला की नावावाचून अडत नाही. शिवाय नावं तालुक्यातालुक्याला बदलतात, मुंबईत ज्याला नगली म्हणतात तो दक्षिण कोकणात मुडदुशा होतो. प्रमाणं चमच्यांत दिली आहेत, पण तिखटाच्या जातीप्रमाणे ती बदलावी लागतील. बेडगीचा चमचा आणि लवंगीचा चमचा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारांचा हिशेब मात्र पुस्तकात नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणाऱ्यांनी ते खुशाल पाळावेत. त्या दिवशी बाजारात गर्दी कमी आणि भाव बरा असतो, एवढं न पाळणाऱ्यांना सांगून ठेवतो.

जून-जुलैत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण पुष्कळ माशांचा विणीचा काळ तोच. त्या दिवसांत बाजारात जे ‘ताजं’ म्हणून मिळतं ते बहुधा बर्फातलं किंवा दूरच्या किनाऱ्यावरचं असतं, त्यावर या कृती करून पुस्तकाला नावं ठेवू नयेत. त्याऐवजी खाडीतले, तळ्यातले मासे घ्यावेत, किंवा सरळ सुकट-बोंबलाकडे वळावं.

शेवटी एक विनंती, आणि ती पाककृतींइतकीच महत्त्वाची मानावी. रुपेरी पापलेट २०२३मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. तरीही तळहाताहून लहान पापलेटं बाजारात ढिगाने येतात, ती ‘तळायला मस्त’ म्हणून विकली जातात आणि आपण ती घेतो. ते पिल्लू एकदाही व्यालेलं नसतं. लहान मासा कुरकुरीत तळून खायचा असेल तर मांदेली आहे. ती वाढूनही लहानच राहते, स्वस्त आहे आणि चवीला कुठेही कमी नाही. पापलेट घ्याल तेव्हा वाढलेलं घ्या, आणि लहान मिळालं तर विकत घेऊ नका.